ट्विन-कील फिश : आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये घेतल्यापासून आठवड्यातून तीन-चार पहाटे हा फिश प्रकारचा सर्फबोर्ड पाण्यात उतरलाय. लांबी 5 फूट 8 इंच, रुंदी साडेएकवीस, जाडी अडीच इंच. शेपूट माशासारखी दुभंगलेली आणि दोन्ही पाकळ्यांखाली एकेक लांबट, बुटकी कील फिन, म्हणजे पाण्यात पकड देणारं पातं. इथल्याच एका म्हाताऱ्या शेपरने (बोर्ड घडवणाऱ्या कारागिराने) हाताने घासून बनवलाय. सॅन डिएगोतल्या मराठी मंडळींपैकी कुणी फिश घ्यायच्या विचारात असेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

छातीइतक्या लाटांत मला याहून चांगला बोर्ड मिळालेला नाही. तळ जवळपास सपाट आणि मागची बाजू रुंद, त्यामुळे लाटेत जोर नसला तरी तो पाण्यावर उचलला जातो आणि पळत सुटतो. वळणं मात्र मोठी, गोल घ्यावी लागतात. सुरुवातीला मी मागच्या पायाने झटके देऊन वेग घालवत होतो. बोर्डाच्या कडेवर वजन टाकून क्षणभर थांबायचं, हे अंगवळणी पडायला मे उजाडला.

हा आकार याच गावचा. स्टीव्ह लिस या सर्फरने 1967 मध्ये तो गुडघ्यांवर बसून सर्फ करण्यासाठी काढला. 1972 ची सर्फिंगची जागतिक स्पर्धा इथेच झाली, ती जिमी ब्लेअर्स फिशवरच जिंकला.

नोव्हेंबरात इथल्या ब्लॅक्स बीचवर डोक्याच्या दीडपट लाटा आल्या आणि याची मर्यादा कळली. उभ्या लाटेवरून उतरताना वेग वाढला, तशी रुंद शेपूट वर उचलली गेली, फिनची पकड सुटली आणि मी आडवा घसरत खाली आलो. दोनदा.

शेपरला सांगितलं तेव्हा तो 1937 च्या हवाईबद्दल बोलू लागला. तेव्हा सर्फिंगच्या फळ्या रेडवुड लाकडाच्या, जड, बिनफिनच्या आणि मागे रुंद होत्या. उभ्या लाटेवर अशाच घसरायच्या. जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ या पोरांनी वैतागून हीथच्या फळीची शेपूट कुऱ्हाडीने तासून अरुंद केली, तळाला व्ही आकार दिला. फळी लाटेला धरून राहिली. तो 'हॉट कर्ल'. हवाईतल्या मकाहा किनाऱ्याच्या मोठ्या लाटांवर ती मंडळी गेली ती याच फळ्यांवर. चांगली फळी कुऱ्हाडीखाली घालायला केवढी हिंमत लागली असेल!

ट्विन फिनची, म्हणजे दोन फिनच्या बोर्डाची, घसरण ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसनलाही छळत होती. त्याने 1980 मध्ये तिसरी फिन जोडली आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत स्पर्धा जिंकली.

टिकाऊपणाचं म्हणाल तर शेपटीची टोकं नाजूक आहेत. ऑगस्टमध्ये डाव्या टोकाला खडकावर तडा गेला. रेझिन भरून घेतलं; आतल्या फोममध्ये पाणी शिरू द्यायचं नसतं.

कंबर ते डोक्याइतक्या लाटांसाठी डोळे झाकून घ्या. त्याहून मोठ्या लाटांत नको. मी त्याच शेपरकडे हिवाळ्यासाठी साडेसात फुटी, निमुळत्या शेपटीचा बोर्ड सांगून ठेवलाय. फोम कापून झालाय, घासणं बाकी आहे.