बिल विदर्सच्या नऊ सीडींचा संच: काही महिने ऐकल्यावरचा अनुभव

आधी संचात काय आहे ते सांगते, कारण विकणाऱ्यांच्या पानांवर माहिती अर्धवटच असते. ‘द कम्प्लीट ससेक्स अँड कोलंबिया अल्बम्स’ म्हणजे बिल विदर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन सोल गायकाचे नऊ अल्बम एका खोक्यात. 1971 च्या ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’पासून 1985 च्या ‘वॉचिंग यू वॉचिंग मी’पर्यंत. पहिले चार ससेक्स या छोट्या कंपनीचे, पुढचे पाच कोलंबियाचे. संच 2012 मध्ये आला आणि ऐतिहासिक अल्बमच्या गटातलं ग्रॅमी त्याला रोलिंग स्टोन्सच्या एका संचाबरोबर विभागून मिळालं. विदर्स 2020 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी गेला. पण 1985 नंतर त्यानं नवा अल्बम केलाच नाही, त्यामुळे या नऊ सीडींत त्याची अल्बमांची कारकीर्द पुरी होते.

माझं मत सुरुवातीलाच देते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. पहिल्या चार सीडींसाठी अख्खा खोका घ्यावा. उरलेल्या पाचांपैकी दोन अधूनमधून लागतात, तीन क्वचित. आणि ‘सर्वोत्तम गाणी’ छापाची एकच सीडी घेऊन भागेल का, या प्रश्नाचं उत्तर काही महिन्यांच्या ऐकण्यानंतर ठाम ‘नाही’ असं आहे. गाजलेली आठ-दहा गाणी सलग ऐकली की हा एक गोड गळ्याचा, दिलासा देणारा गायक वाटतो. क्रमानं सगळं ऐकलं की वेगळाच माणूस समोर येतो, बराच तिखट.

वस्तू म्हणून बोलायचं तर, प्रत्येक सीडी मूळ रेकॉर्डच्या कव्हरची छोटी प्रत असलेल्या पुठ्ठ्याच्या पाकिटात आहे. दिसायला सुरेख, वापरायला कटकटीची. पाकिटं इतकी घट्ट की सीडी बाहेर ओढताना बोटांचे ठसे उठतातच, आणि मागच्या बाजूचा मजकूर वाचायला भिंग लागतं. मी आता सगळ्या सीडी वेगळ्या मऊ पाकिटांत ठेवते आणि पुठ्ठे खोक्यातच राहू देते. सोबत एक पुस्तिका आहे, तीत जुने फोटो आणि विदर्सचं स्वतःचं मनोगत आहे. माझा खोका घरी आला तेव्हा कुरियरवाल्यांच्या कृपेनं एक कोपरा चेपलेला होता. आतल्या सीडींना काही झालं नव्हतं, म्हणून परत पाठवला नाही.

आवाजाबद्दल तक्रार नाही. पहिल्या अल्बममध्ये पायाचा ठेका, गिटारच्या तारेवरून सरकणारं बोट आणि श्वास हे सगळं जागच्या जागी ऐकू येतं. जुनं ध्वनिमुद्रण नव्यानं काढताना ते ओरडेल इतकं मोठं करण्याची जी खोड असते, ती इथे मला जाणवली नाही. माझ्याकडे जुना अँप्लिफायर आणि साधे स्पीकर आहेत. महागड्या यंत्रावर आणखी काय ऐकू येईल ते त्या यंत्रवाल्यांनी सांगावं.

आता मुख्य गोष्ट, गाणारा माणूस. जन्म 4 जुलै 1938, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क हे कोळशाच्या खाणीचं गाव. वाढला जवळच्या बेकलीत. सहा भावंडांत धाकटा, वडील गेले तेव्हा तेरा वर्षांचा. लहानपणापासून बोलताना अडखळायचा, आणि ते विशीच्या शेवटापर्यंत पुरलं. नौदलात नऊ वर्षं काढली. 1967 मध्ये लॉस एंजेलिसला आला तो विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. बोइंग 747 साठी शौचकूप बसवण्याचं काम, आणि पगारातून उरलेल्या पैशांत स्वतःच्या गाण्यांचं नमुना ध्वनिमुद्रण. ते ऐकून ससेक्सचे मालक क्लॅरेन्स अ‍ॅवंट यांनी त्याला घेतलं. पहिला अल्बम आला तेव्हा तो 32 वर्षांचा होता. त्या काळच्या सोल गायकांत कित्येकजण पोरवयातच मंचावर चढलेले असताना हे वय म्हणजे फारच उशीर.

पहिल्या अल्बमच्या कव्हरवर तो त्याच कारखान्याबाहेर भिंतीला टेकून उभा आहे, हातात जेवणाचा डबा. मधल्या सुट्टीत काढलेला फोटो. गाणं गाजू लागलं तरी त्यानं नोकरीचा नाद सोडला नव्हता. कामगारकपातीत सुटलेली नोकरी परत देऊ करणारं पत्र आणि टीव्हीवरच्या ‘टुनाइट शो’चं बोलावणं एकाच दिवशी आलं, असं तो सांगायचा. हा फोटो मी खोक्यातून काढून सीडी प्लेअरच्या वर ठेवला आहे, कारण या अल्बममधली सगळी गाणी याच माणसाच्या अंगात बसतात. चमकदार कोट, घामाघूम विनवण्या, गुडघ्यावर कोसळणं यातलं काही इथे नाही.

निर्माता बुकर टी. जोन्स. बास गिटारवर डोनाल्ड ‘डक’ डन, ड्रमवर अल जॅक्सन, म्हणजे मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीतली पक्की मंडळी, आणि गिटारवर स्टीफन स्टिल्स. एवढे दिग्गज असूनही कुणी पुढे-पुढे करत नाही. ‘डू इट गुड’ या गाण्यात विदर्स मध्येच बोलतो, की हे काम मी आधी कधी केलेलं नव्हतं आणि बुकर टी.नी मला धीर दिला. शिकाऊ माणसाची ही कबुली त्यांनी तशीच राहू दिली, हे मला फार आवडतं.

‘एन्ट नो सनशाइन’बद्दल सांगायलाच हवं. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. एकेरी रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घातलेलं, पुढच्या बाजूला होतं ‘हार्लेम’. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून वाजवली आणि गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, ग्रॅमीही मिळालं. मधे तो ‘आय नो’ हे दोन शब्द 26 वेळा म्हणतो. तिथे आणखी एक कडवं लिहायचा त्याचा बेत होता, पण स्टुडिओतल्या अनुभवी लोकांनी सांगितलं, असंच ठेव. कितीही वेळा ऐकलं तरी त्या जागी मी हातातलं काम थांबवते. श्वास कुठे घेतो ते शोधत बसते.

पण या अल्बमचं खरं वजन बाकीच्या गाण्यांत आहे, आणि ती निवडक सीड्यांवर क्वचितच येतात. ‘आय अ‍ॅम हर डॅडी’मध्ये एक बाप आपल्याला मुलगी आहे हे कित्येक वर्षांनी कळल्यावर तिची चौकशी करतोय. शेवटचं ‘बेटर ऑफ डेड’ एका दारुड्याचं, आणि ते बंदुकीच्या आवाजावर संपतं. पहिल्यांदा ऐकताना मी स्वयंपाकघरात होते आणि स्पीकर फाटला की काय म्हणून धावत आले. लहान मुलं घरात असतील तर ही सीडी शेवटापर्यंत वाजू देताना लक्ष असू द्या.

दुसरी सीडी, ‘स्टिल बिल’, 1972. माझ्या घरात सर्वांत जास्त वाजलेली हीच. यात त्यानं ‘वॉट्स 103rd स्ट्रीट रिदम बँड’ या बँडमधली मंडळी घेतली: ड्रमवर जेम्स गॅडसन, बासवर मेल्विन डनलॅप, गिटारवर बेनॉर्स ब्लॅकमन, कीबोर्डवर रे जॅक्सन. ‘यूज मी’मध्ये रे जॅक्सनचं क्लॅव्हिनेट (विजेवर चालणारा एक कीबोर्ड) आणि गॅडसनचा ठेका यांची जी अडवाअडवी चालते, तिच्यावर अख्खं गाणं उभं आहे. माझे सासरे गावच्या भजनात तबला वाजवायचे. इंग्रजी गाण्यांच्या वाटेला ते जात नाहीत, पण हे लागलं की पेपर बाजूला ठेवतात. ‘भरायला जागा होती तिथे त्यानं भरलं नाही, हात चांगला आहे,’ एवढाच त्यांचा गॅडसनबद्दलचा अभिप्राय. मी वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा नेमका.

‘लीन ऑन मी’ याच अल्बममधलं. पियानोवर बोटं शेजारच्या पट्ट्यांवरून नुसती वर-खाली सरकवताना सुचलेलं, म्हणून चाल इतकी सोपी की कुणीही पहिल्याच ऐकण्यात सोबत गुणगुणू शकतं. मागे आहे ते स्लॅब फोर्कचं शेजारपण, खाणीच्या गावात एकमेकांच्या दाराशी हक्कानं जाणारी माणसं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आता ते लग्नात, शाळांच्या कार्यक्रमांत, जाहिरातींत सगळीकडे वाजतं, आणि म्हणूनच ते अल्बममध्ये ऐकावं असं मी म्हणते. इथे ते ‘यूज मी’च्या लगेच नंतर येतं. आधीच्या गाण्यात तो म्हणतोय की ती माझा वापर करून घेते आणि मला ते चालतं, आणि पुढच्याच गाण्यात, माझ्यावर टेक. या शेजारामुळे ‘लीन ऑन मी’ची साखर थोडी कमी होते. ‘यूज मी’च्याही आधीचं ‘हू इज ही’ तर निव्वळ संशयाचं गाणं आहे, रस्त्यानं जाताना समोरून आलेल्या पुरुषाची नजर बायकोशी कशी भिडली, एवढ्याच गोष्टीवरचं.

तिसरी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या सभागृहातली सीडी, हा संचाचा कळस. 6 ऑक्टोबर 1972 ची मैफल. लहानपणी बोलताना अडखळणारा हाच माणूस इथे गाण्यांच्या मधे इतका सहज बोलतो की निम्मी मजा त्या बोलण्यातच आहे. ‘ग्रँडमाज हँड्स’च्या आधी तो आजीबद्दल सांगतो, तिच्याबरोबर चर्चला जाण्याबद्दल, आणि लोक खळखळून हसत असतानाच गाणं सुरू होतं. ‘यूज मी’ संपल्यावर लोक ऐकेनात म्हणून बँड तेच पुन्हा उचलतो. आणि मग ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’. व्हिएतनाममध्ये उजवा हात गमावलेल्या एका तरुण सैनिकाला भेटल्याचं तो आधी शांतपणे सांगतो. गाण्यात तो सैनिक दुसऱ्याला म्हणतोय, माझ्या आईला पत्र लिहून दे. त्यात घोषणा नाहीत की आरोळ्या नाहीत. युद्ध चालू असताना न्यूयॉर्कच्या मंचावर हे गायलं गेलं होतं. मी ही सीडी घरकाम करताना लावणं बंद केलं आहे, बसून ऐकायची असेल तेव्हाच लावते.

चौथी, ‘जस्टमेंट्स’, 1974. हिच्याबद्दल लोक कमी बोलतात, मला ती हळूहळू चढली. अभिनेत्री डेनिस निकोलसशी त्याचं लग्न 1973 मध्ये झालं आणि वर्षभरातच मोडलं. ‘कॅन वी प्रिटेंड’ हे गाणं तिनंच लिहिलेलं आहे, त्यात होजे फेलिसियानोची गिटार आहे, आणि ते तो गातोय हे कळल्यावर ऐकणं बदलतं. ‘द सेम लव्ह दॅट मेड मी लाफ’ रात्री उशिरा ऐकू नये असं माझं प्रामाणिक मत.

यानंतर ससेक्स बुडाली. पैशांवरून वाद झाले होते, आणि त्या भांडणात एक अख्खा ध्वनिमुद्रित अल्बम आपणच पुसून टाकला, असं विदर्सनं सांगितलं आहे. संचात त्याची पोकळी अर्थातच दिसत नाही, पण पाचवी सीडी लावली की काहीतरी बदललंय हे चटकन कळतं. कोलंबिया मोठी कंपनी. तिथली माणसं त्याला सल्ले देऊ लागली: ब्रास (पितळी वाद्यं) घे, मागे बायकांचा कोरस घे, एल्व्हिस प्रेस्लीचं ‘इन द गेटो’ गा. शौचकूप जोडून, नौदलात नऊ वर्षं काढून आलेल्या माणसाला काळ्या लोकांचं संगीत कसं असावं हे शिकवायला निघालेले लोक! त्यांच्यावरचा त्याचा राग शेवटपर्यंत गेला नाही.

‘मेकिंग म्युझिक’मधलं ‘हॅलो लाइक बिफोर’ सुंदर आहे. जुनी ओळख अवचित भेटते, बस्स एवढंच. ‘नेकेड अँड वॉर्म’मधलं लॉस एंजेलिसवरचं ‘सिटी ऑफ द एंजल्स’ दहा मिनिटांहून लांब आहे आणि मला ते संपेपर्यंत दम लागतो. ‘मेनाजरी’मध्ये ‘लव्हली डे’ आहे, ज्यात शेवटी एकच सूर तो 18 सेकंद धरून ठेवतो. सकाळी आमच्याकडे हे लागतंच. ‘बाउट लव्ह’ मात्र मऊ गादीसारखा, कुठेही काही टोचत नाही आणि म्हणून लक्षातही राहत नाही. मग सात वर्षांच्या आसपासची शांतता, आणि 1985 चा शेवटचा अल्बम, त्या काळच्या कृत्रिम ड्रमच्या आवाजात गुरफटलेला. आवाज तोच आहे, पण तो गिळगिळीत कीबोर्डमागून येतो. ही सीडी मी मुद्दाम अनेकदा लावून पाहिली. ‘यू जस्ट कान्ट स्माइल इट अवे’ सोडलं तर हाती फारसं लागत नाही.

तरीही या तीन-चार कमजोर सीडी मला टाकून द्याव्याशा वाटत नाहीत. त्या ऐकल्यामुळेच पुढचं समजतं. त्यानं बाहेर पडून घर सांभाळलं, गाण्यांच्या हक्कांचा व्यवसाय दुसऱ्या बायकोच्या मदतीनं चालवला, आणि 2015 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्टीव्ही वंडरच्या हातून सन्मान घेताना तो अगदी मजेत होता. पुनरागमनाच्या खटपटी केल्या नाहीत. एका गायकानं वेळीच थांबावं असं आपण नेहमी म्हणतो, पण थांबलेला फार क्वचित दिसतो.

घेण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्याचं ‘जस्ट द टू ऑफ अस’, जे बहुतेकांना माहीत असतं, ते या संचात नाही. ते सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या 1980 च्या ‘वाइनलाइट’ या अल्बममध्ये आहे आणि तो दुसऱ्या कंपनीचा. ‘कम्प्लीट’ नाव वाचून ते गाणं मिळेल या आशेवर असाल तर ‘वाइनलाइट’ वेगळा घ्यावा लागेल. आणि बजेट कमी असेल तर ‘स्टिल बिल’ आणि कार्नेगी हॉल या दोनच सुट्या घ्या, खोका नंतर बघता येईल.