एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट : मत्स्यबीजाच्या तळ्यावर कितपत उपयोगी?

पाणी तपासण्याचे हे किट घरच्या काचेच्या मासेटाकीसाठी बनवलेले आहे. तरी कटला-रोहू माशांचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, वाढवणाऱ्यांनी ते घ्यावे असे आमचे मत आहे, आणि ते मुख्यतः अमोनिया तपासायच्या दोन बाटल्यांसाठी.

बीज मरू लागले की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे असते. कल्ल्यांवर ट्रायकोडिना सापडतोही. पण हा सूक्ष्म परजीवी मुख्यतः पाण्यातल्या जिवाणूंवर पोसतो. शेण जास्त झाले, पेंड उरली, वरून सांडपाणी आले, की जिवाणू वाढतात आणि त्यांच्या मागोमाग तोही वाढतो. त्याच कुजण्यातून अमोनिया सुटतो, कल्ल्यांची त्वचा जाड होते, चिकटा साचतो. इंचभर पिल्लाचे कल्ले ते केवढे! अमोनियाने सुजलेले आणि वर परजीवीने खरवडलेले कल्ले पहाटेच्या कमी ऑक्सिजनमध्ये पुरे पडत नाहीत. एकच त्रास असता तर तगली असती अशी पिल्ले दोन्ही मिळून मारतात.

चाचणी सोपी आहे. नळी तळ्याच्याच पाण्याने विसळून 5 मिली पाणी भरायचे. पहिल्या बाटलीचे 8 थेंब, मग दुसरीचे 8, झाकण लावून 5 सेकंद जोरात हलवायचे आणि 5 मिनिटे थांबायचे. बाटली अगदी उभी धरा; तिरकी धरली की थेंबांचा आकार बदलतो. पिवळा रंग म्हणजे शून्य, हिरवा गडद होत गेला की आकडा 8 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 8 भाग) चढतो. अडचण अशी की शेवाळ्याने तळ्याचे पाणी आधीच हिरवे असते. म्हणून पाणी फिल्टर कागदातून गाळून घ्या, शेजारी थेंब न घातलेली दुसरी नळी धरा आणि रंग दिवसाच्या उजेडातच जुळवा. पिवळ्या बल्बखाली 0 आणि 0.25 मधला फरक कळत नाही.

मिळालेला आकडा एकूण अमोनियाचा असतो. विषारी असतो तो त्यातला मुक्त भाग, आणि तो सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे (pH) यावर, ठरतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर मुक्त भाग जेमतेम अर्धा टक्का, 8 ला सुमारे 5 टक्के, 9 ला 36 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 1 पीपीएम हा एकच आकडा सकाळी निभावतो आणि शेवाळ्याने सामू चढवला की त्याच दुपारी घातक ठरतो. मुक्त अमोनिया 0.05 पीपीएमच्या पुढे गेला की कल्ल्यांना इजा होते असे धरून चाला. बीज आजारी दिसले की चुना मारण्याची सवय इथेच नडते. चुन्याने सामू वाढतो आणि असलेला अमोनिया विषारी होतो.

आणि किटची खरी उणीवही इथेच आहे. त्याची सामूपट्टी 8.8 ला संपते. हिरव्या तळ्यात उन्हाळी दुपारी सामू 9 पार करतो, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी किट गप्प. सामूचा वेगळा मीटर लागतोच. विरघळलेला ऑक्सिजन आणि क्षारता (अल्कलिनिटी; खारटपणा नव्हे) यांच्या चाचण्या या किटमध्ये नाहीत. कोकणातल्या जांभ्याच्या मऊ पाण्यात मोरचूद (तांब्याचे औषध) वापरणाऱ्याला क्षारता कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण कमी क्षारतेत तांबे पिल्लांनाच मारते. नायट्राइटची चाचणी चांगली आहे. नायट्रेटची बीजाच्या तळ्यावर फारशी गरज पडत नाही.

परजीवी या किटला दिसणार नाहीत. त्यासाठी 100 पट दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक हवा. पिल्लू मरणाला टेकलेले पण जिवंत घ्या; मेलेल्यावरून परजीवी लवकर निघून जातात. कल्ल्याचा तुकडा तळ्याच्या पाण्याच्या थेंबात ठेवून वर काच ठेवा. दातेरी कड्याची गरगरणारी चकती दिसली तर ट्रायकोडिना, चार काळ्या डोळ्यांचा, हुकांनी चिकटणारा किडा दिसला तर डॅक्टिलोगायरस हा कल्ल्यांवरचा परजीवी.

दोन्ही सापडले, म्हणजे अमोनियाही आणि परजीवीही, तर आधी खाद्य बंद करा आणि चौथा हिस्सा पाणी बदला. औषध त्यानंतर. फॉर्मेलिन हे परजीवी मारायचे औषध तर घाईने नकोच, ते पाण्यातला ऑक्सिजनही खाते.

खरेदी करताना बाटलीवरचा लॉट क्रमांक वाचा. शेवटचे चार अंक निर्मितीचा महिना आणि वर्ष सांगतात. दुकानात उन्हात राहिलेले जुने किट घेऊ नका.