जैविक हल्ल्याची औषधे आणि कॅल्शियमचा बिघाड: परिचारिकांसाठीच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

परिचर्येतील औषधशास्त्राचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम मी रात्रपाळ्या सांभाळून दीड महिन्यात पूर्ण केला. त्याच्या शेवटच्या विभागात जैविक हल्ल्याच्या वेळी लागणारी औषधे आणि रक्तातील कॅल्शियमचे बिघडलेले प्रमाण असे दोन धडे एकापाठोपाठ येतात. ही जोडी विजोड वाटते, आणि अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांनाही ती तशीच वाटली असावी, कारण दोन्ही धड्यांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. माझी मुख्य तक्रार तीच आहे, पण आधी जे चांगले आहे ते सांगते.

अँथ्रॅक्सचा भाग उत्तम उतरला आहे. २००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी पाठवली गेली, २२ जणांना लागण झाली आणि त्यांपैकी ५ जण दगावले, या घटनेपासून धडा सुरू होतो आणि लगेच रुग्णाच्या तोंडच्या प्रश्नाला भिडतो: मला काहीच त्रास होत नाही, मग इतके दिवस गोळ्या कशाला? श्वासावाटे फुप्फुसात गेलेले बीजाणू, म्हणजे जंतूची सुप्त रूपे, कित्येक आठवडे निपचित पडून राहू शकतात आणि प्रतिजैविकाचा मारा रुजलेल्या जंतूवर चालतो, झोपलेल्या बीजाणूवर नाही. म्हणून संपर्कात आलेल्या प्रौढाला सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ६० दिवस देतात आणि सोबत लसही टोचतात. हे कारण एकदा नीट समजले की औषध मध्येच सोडू पाहणाऱ्या माणसाला समजावताना शब्द शोधावे लागत नाहीत.

बोट्युलिझमची, म्हणजे जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराची, मांडणीही अशीच नेमकी आहे. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, परंतु मज्जातंतूच्या टोकात आधीच शिरलेल्या विषाला ते काही करू शकत नाही. त्यामुळे आलेला लुळेपणा त्याने ओसरत नाही, फक्त पुढे सरकायचा थांबतो, आणि म्हणूनच प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता ते द्यायचे असते. देवी आणि प्लेग मात्र घाईघाईने उरकले आहेत. शिवाय सारिनसारखी रासायनिक अस्त्रे आणि त्यांवरचे अ‍ॅट्रोपिन याच धड्यात का घुसवले आहेत, हे मला कळले नाही.

कॅल्शियमच्या धड्यात मला सर्वांत आवडली ती एक छोटी चित्रफीत. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून वरच्या दाबापेक्षा थोडा जास्त फुगवतात आणि तीन मिनिटे तसाच ठेवतात. दुसरे मिनिट उलटता उलटता अंगठा तळव्याकडे वळतो, मनगट मुडपते, बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटतात. कॅमेरा हातावरून हलत नाही, मागे संगीत नाही. रक्तातले कॅल्शियम घटल्याचे हे लक्षण मी पुस्तकात अनेकदा वाचले होते. बांगड्या भरताना आवळावा तसा दिसणारा तो हात पाहिल्यावर ते विसरणे शक्य नाही. कॅल्शियम वाढल्यावरच्या उपचारांचा क्रमही सुटसुटीत सांगितला आहे: आधी भरपूर सलाईन, मग कॅल्शियम उतरवणारी दोन औषधे; त्यांतल्या कॅल्सिटोनिनचा असर काही तासांत दिसतो पण दोनेक दिवसांत मंदावतो, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडला असर दाखवायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून दोन्ही एकदमच सुरू करतात.

याच धड्याच्या चाचणीत एक चूक होती, आणि ती किरकोळ नव्हे. तीव्र कमतरतेच्या रुग्णाला काय द्याल, या प्रश्नाचे बरोबर ठरवलेले उत्तर होते ‘कॅल्शियमची एक अँपूल’. कोणत्या कॅल्शियमची? दहा टक्क्यांच्या दहा मिलिलिटर ग्लुकोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे ९३ मिलिग्रॅम असते, तेवढ्याच क्लोराइडमध्ये २७३, म्हणजे जवळजवळ तिप्पट. क्लोराइड शिरेबाहेर झिरपले तर कातडी काळी पडून सडू शकते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन अँपूल हातात असताना अशा मोघम उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळावेत, हे मला पटत नाही.

आता ती मुख्य तक्रार. पहिल्या धड्यातल्या दोन्ही गोळ्या कॅल्शियमशी बांधल्या जातात आणि मग आतड्यातून रक्तात पुरेशा उतरत नाहीत. हाडांसाठी रोज कॅल्शियमची गोळी घेणाऱ्या बाईला सकाळच्या वाटीत सिप्रोफ्लॉक्सासिनही एकत्रच दिले, तर ६० दिवस निष्ठेने औषध घेऊनही तिचे संरक्षण अर्धवट राहू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियमच्या गोळीआधी दोन तास किंवा तिच्यानंतर सहा तासांनी द्यायचे, हे वेळापत्रक आखणे आमचेच काम आहे. दुसरे म्हणजे, रक्तातले कॅल्शियम घटले की ईसीजीवरचे क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्याच्या वेळी हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील विद्युत क्रियेला लागणारा वेळ) लांबते आणि सिप्रोफ्लॉक्सासिननेही ते लांबू शकते. अशा रुग्णाच्या हृदयाच्या ठोक्यांवर दुप्पट लक्ष हवे. यातले, गोळ्या दुधातल्या कॅल्शियमशी बांधल्या जाण्याविषयीचे एक वाक्य पहिल्या धड्यात आहे, क्यूटीचे एक दुसऱ्यात आहे, आणि दोन्ही एकाच रुग्णाच्या कागदावर येतील असे एकही उदाहरण कुठे नाही.

मी हे सारे अभिप्रायाच्या रकान्यात लिहून कळवले. आठ दिवसांनी अँपूलच्या प्रश्नात ‘ग्लुकोनेट’ हा शब्द आला. धडे अजून वेगवेगळेच आहेत, त्यामुळे माझ्या वहीतल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पानावर ‘कॅल्शियम चालू आहे का?’ हा प्रश्न मी स्वतःच लाल शाईने लिहून ठेवला आहे.