शॉटकट, आठ महिन्यांनंतर: क्लिप लहान-मोठी करणे, फिरवणे, हलवणे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातलं नेहमीचं काम म्हणजे लग्न, गणेश विसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, कुस्तीचं मैदान, आणि मग त्याच चित्रणातून मोबाइलसाठी उभे तुकडे. हे सगळं आठ महिने शॉटकट या व्हिडिओ एडिटरवर केलं. सॉफ्टवेअर मोफत आहे, ओपन सोर्स आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी (संपादनापुरत्या हलक्या प्रती) चालू करून प्रिव्ह्यू स्केलिंग (पाहतानाच्या चित्राचा आकार) ५४० वर ठेवलं तर हाताखाली नीट येतं. रंगसुधारणा, आवाज वगैरे बाजूला ठेवतो. इथे फक्त 'साइझ, पोझिशन अँड रोटेट' या एका फिल्टरबद्दल लिहितो, कारण खरा वेळ तिथेच जातो.

पहिली क्लिप टाकण्याआधी व्हिडिओ मोड (चौकटीचा आकार आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं) ठरवा. तो ऑटोमॅटिकवर राहिला तर पहिल्या क्लिपचा आकार आणि फ्रेम रेट अख्ख्या प्रोजेक्टला लागू होतो. पहिली क्लिप कुणीतरी मोबाइलवर उभी घेतलेली असली की पुढची सगळी मांडणी चुकते. फिल्टरमधली जागा पिक्सेलमध्ये मोजली जाते, त्यामुळे अर्ध्या कामात मोड बदलला तर बसवलेलं सगळं सरकतं.

फिट (चित्र पूर्ण मावेल असं), फिल (चौकट भरेल असं) आणि डिस्टॉर्ट (ताणून बसवणं) यांतला फरक आकड्यांत बघा. मोबाइलचा ४०००×३००० फोटो १९२०×१०८० च्या चौकटीत 'फिट' केला तर तो १४४० रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलची काळी पट्टी उरते. 'फिल' केला तर उंची १४४० होते, म्हणजे वर-खाली मिळून ३६० पिक्सेल कापले जातात. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेची डोकी जातात ती इथेच. 'डिस्टॉर्ट'ने माणसं ताणली जातात, म्हणून ते फक्त सपाट पार्श्वभूमीसाठी वापरावं. असा फोटो दुप्पट मोठा केला तरी तपशील टिकतो. १०८० चा व्हिडिओ मात्र ११५ टक्क्यांपुढे मऊ पडायला लागतो. मिरवणूक ४के मध्ये घेतली असेल तर १०८० च्या प्रोजेक्टमध्ये २०० टक्क्यांपर्यंत निश्चिंत.

आडव्यातून उभं काढणं सर्वांत त्रासाचं. १०८०×१९२० ची चौकट भरायला आडवी क्लिप ३४१३×१९२० करावी लागते. मूळ १९२० रुंदीपैकी जेमतेम ६०७ पिक्सेल दिसतात, तेही १.७८ पट वाढवून. पोझिशनचा एक्स (आडवी जागा) ० असेल तर डावी कड दिसते, उणे २३३३ ला उजवी, आणि मध्य उणे ११६७ च्या आसपास. चित्ररथ डावीकडून उजवीकडे जात असेल तर याच दोन टोकांमध्ये कीफ्रेम, म्हणजे ठरावीक क्षणी आकडा पक्का करणाऱ्या खुणा, बसवायच्या.

कीफ्रेमचं घड्याळाचं बटण दाबल्यावर पोझिशन आणि साइझ मिळून एकच रांग तयार होते. रोटेशनची रांग वेगळी. एक चूक हमखास होते: प्लेहेड (टाइमलाइनवर आत्ताची जागा दाखवणारी रेघ) कीफ्रेमच्या एक-दोन फ्रेम पुढे असताना आकडा बदलला की तिथे नवीच कीफ्रेम पडते आणि चित्र टचकन उडी मारतं. दुरुस्ती करताना कीफ्रेम पॅनेलमधल्या मागे-पुढे बटणांनीच नेमक्या कीफ्रेमवर जावं.

हालचाल सुरुवातीला आणि शेवटी मऊ हवी म्हणून सगळीकडे स्मूथ हा कीफ्रेमचा प्रकार लावू नका. जिथे क्लिप थांबून राहायला हवी तिथे स्मूथमुळे ती किंचित पुढे जाऊन मागे येऊ शकते. कीफ्रेमचा प्रकार तिच्यापासून पुढच्या कीफ्रेमपर्यंत लागू होतो, म्हणून थांब्याच्या सुरुवातीची कीफ्रेम लिनियर (एकसमान वेगाची) ठेवली की काम होतं. फोटोवरच्या संथ झूमला ८ सेकंदांत १०० ते ११० टक्के पुरे, आणि त्याला लिनियरच शोभतं. प्रिव्ह्यूत हा झूम अडखळताना दिसला तर घाबरू नका. दहा सेकंद एक्सपोर्ट करून बघा आणि मगच आकडे बदला.

वाकडं चित्रण सरळ करताना कडा काळ्या पडतात. १६:९ चौकटीत १ अंश फिरवायला १०४ टक्के, २ अंशांना १०७, ३ अंशांना ११०, ५ अंशांना ११६ टक्के आकार लागतो. ५ अंशांपुढे १०८० च्या चित्रणाची पत जाते. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या ठिकाणी खांब आयतेच ओळंब्याचं काम करतात, पण फक्त मधला खांब धरा. कॅमेरा वर कलला असेल तर कडेचे खांब आत झुकलेले दिसतात आणि तो दोष फिरवून जात नाही.

मोबाइलची क्लिप पूर्ण आडवी पडली असेल तर फिल्टर लावू नका. नव्या आवृत्त्यांत प्रॉपर्टीजमध्येच ९० अंशांचं रोटेशन आहे, त्यात मापं आपोआप जुळतात. दिशा जुळवायला मिरर (डावं-उजवं उलटवणारा फिल्टर) लावताना पाठीमागचे फलक बघा. आपल्याकडे कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरं उलटी होतात आणि प्रेक्षक लगेच पकडतात.

फिल्टर वरून खाली चालतात. क्रॉप (कड कापणं) आधी आणि साइझ नंतर, की उलट, यावर निकाल बदलतो. नको असलेली कड काढून उरलेला भाग मोठा करायचा असेल तर क्रॉप वर हवा.

सर्वांत जाणवणारी उणीव अँकर पॉइंटची, म्हणजे क्लिप कोणत्या बिंदूभोवती फिरेल ते ठरवण्याच्या सोयीची. क्लिप नेहमी आपल्या मध्याभोवतीच फिरते. पत्रिकेचं पान एका कडेवरून उघडल्यासारखं किंवा ध्वज काठीभोवती फिरल्यासारखं दाखवायचं तर रोटेशनबरोबर पोझिशनच्याही कीफ्रेम हातानं जुळवाव्या लागतात. डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटरच्या मोफत आवृत्तीत अँकर पॉइंट थेट मिळतो. असं काम रोजचं असेल तर तिकडे जावं, फक्त त्याला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं.

शेवटी ढोल-ताशा. मोबाइलच्या चित्रणाचा फ्रेम रेट बदलता असतो, त्यामुळे ठेक्यावर बसवलेल्या कीफ्रेम पाच-दहा मिनिटांत घसरायला लागतात. क्लिप उघडताना 'एडिट-फ्रेंडली' (स्थिर फ्रेम रेटचं) रूपांतर विचारलं जातं, तेव्हा हो म्हणा. फाइल बरीच मोठी होते, पण कीफ्रेम त्यानंतरच लावा.