घरची वीज: पवनचक्की की सोलर? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

आषाढात गच्चीवर वाळत घातलेले कपडे जागेवर राहत नाहीत. मग छोटी पवनचक्की का बसवू नये? सौंदत्तीच्या बाजूला डोंगरावर फिरणारी मोठी पाती बघितली की हा विचार आणखी जोर धरतो. पण त्या पात्यांना लागणारा वारा बेळगावच्या टिळकवाडीतल्या गच्चीवर येत नाही.

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. तीन मीटर व्यासाची पाती धरा. वारा सेकंदाला 3 मीटरने एकसारखा वाहिला, तर दिवसाला जेमतेम अर्धा-पाऊण युनिट मिळेल. 6 मीटरने वाहिला तर पाचेक युनिट. म्हणून आषाढातल्या झोडपणाऱ्या वाऱ्यावर भुलू नका, कार्तिक-मार्गशीर्षात काय राहतं ते बघा. वर्षाची सरासरी 5 मीटरच्या खाली असेल तर मी तरी पैसे घालणार नाही.

आता जागा बघू. शहापूर, अनगोळसारख्या दाट वस्तीत वारा घरांवर आदळून गरगरतो. अशा वाऱ्यात पाती सारखी दिशा बदलतात, बेअरिंग लवकर जातं, आणि चक्की स्लॅबवर बसवली असेल तर तिची घरघर खालच्या खोलीत झोपणाऱ्याला ऐकू येते. साधा नियम असा: दीडशे मीटरच्या आत जे सगळ्यात उंच असेल, त्याच्यापेक्षा पाती किमान 9-10 मीटर वर हवीत. शेजारी 15 मीटरचा नारळ असेल तर खांब 25 मीटरचा झाला. तारांनी ताणलेला एवढा खांब परसात मावणार कुठं? सांबऱ्याजवळ राहत असाल तर विमानतळामुळं उंचीच्या परवानगीचं काम वेगळंच. खानापूरकडं, विशेषतः कणकुंबी, जांबोटीच्या अंगाला, झाडीच इतकी की कौलारू घराच्या वर वारा आहे आणि घराला नाही.

राहिलं निपाणी, चिकोडी, सौंदत्तीकडचं माळावरचं शेतघर. इथं विचार करायला जागा आहे. आधी बांधावरची झाडं बघा. ती वर्षानुवर्षं पूर्वेकडं कललेली असतील, पश्चिमेकडच्या फांद्या खुरटलेल्या असतील, तर ती चांगली खूण. हिवाळ्यातही पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वेग साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर समजा. धूळ, कागद उडत असतील तर त्याच्या वर. एवढ्यावर खरेदी मात्र करू नका. पाती जिथं बसणार त्याच उंचीवर वारामापक लावून वर्षभर नोंद ठेवा. "आमच्याकडं वारं लई असतंय" हा काही पुरावा नव्हे, विकणाऱ्यानं सांगितलं तर अजिबातच नव्हे.

सोलरला एवढी चौकशी लागत नाही. एका किलोवॅटला सावली नसलेली शंभरेक चौरस फूट जागा आणि वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट. देखभाल म्हणजे पॅनेल धुणं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पवनचक्की त्या योजनेत बसत नाही.

वाऱ्याच्या बाजूनं एकच मुद्दा जड आहे. सोलर पावसाळ्यात मंदावतं, आणि नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. पण वीज कंपनी हेस्कॉमचा नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) असलेल्या घराला त्याचं काय? उन्हाळ्यात जास्तीची वीज लाइनला देता येते, पावसाळ्यात कमी पडली तर लाइनवरून घेता येते. जिथं लाइनच पोचलेली नाही आणि सगळं बॅटरीवर चालतं, तिथं हा मुद्दा लाखमोलाचा. अशा शेतघराला पॅनेल मुख्य आणि छोटी चक्की जोडीला, असं दोन्ही मिळून बसवणं पटतं. म्हणजे श्रावणात चार दिवस ऊन पडलं नाही तरी दिवे आणि मोबाइल चालतात. पंपाची अपेक्षा मात्र चक्कीकडून ठेवू नका.

पैशाचा हिशेब मांडताना कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना विसरू नका. 2023 पासून घराच्या जुन्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून महिना 200 युनिटपर्यंतची घरगुती वीज माफ आहे. तुमचं बिल त्यात बसून शून्य येत असेल, तर चक्की वाचवणार काय? तिथं सोलरचीही घाई नको. बिल दर महिन्याला त्याच्या वर जात असेल तर सोलरचा कोटेशन मागवा. आणि माळावर लाइनशिवाय राहत असाल तर आधी वारामापक आणा.