नटरंग, सैराट, कोर्ट: माझं मत

मी काही समीक्षक नाही. दुकान बंद केलं की जेवून घरच्यांबरोबर एखादा पिक्चर लावतो, एवढंच. पण आवडलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

'नटरंग' (२०१०) लई भारी! गुणा कागलकर हा आमच्याच भागातला गडी वाटतो. ज्यांच्या कादंबरीवर पिक्चर आहे ते आनंद यादव मूळचे कागलचे, त्यामुळं मातीचा वास खरा आहे. अतुल कुलकर्णी आधी कमावलेल्या अंगाचा पैलवान दिसतो, मग तमाशात नाच्या होतो तेव्हा त्याचं चालणं, मान वळवणं, हाताची बोटंसुद्धा बदलतात. तालमीच्या गावात या गोष्टीचा घाव जास्त बसतो. अजय-अतुलची गाणी झकास, पण मला ती बोटंच लक्षात राहिली.

'सैराट' (२०१६) सगळ्यांनी बघितलाय. बुलेटवरची आर्ची झक्कास. मध्ये हैदराबादचा भाग मात्र जरा लांबलाय, असं माझं स्पष्ट मत.

'कोर्ट' संथ आहे, पण सोडू नका. एका बाईनं बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण पुढं ढकलतात! आणि आरोपीविरुद्ध बोलणारी सरकारी वकीलबाई संध्याकाळी घरी जाऊन चारचौघींसारखा स्वयंपाक करते. तिच्यावर रागवायचं कसं, हेच कळेना.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पोरांसाठी उत्तम, हसत खेळत बघतील. 'नटरंग' मात्र आधी बघा, आणि मोठ्या पडद्यावर लागला तर तिथंच.