एआर-१५, ह्यूस्टनच्या दमट हवेत : काय बदललं, काय तसंच ठेवलं

आधी निकाल सांगतो. रायफल चांगली आहे, क्वचितच अडते, खांद्याला धक्का नावापुरता देते, आणि तिच्यावरचा खरा खर्च ती घरी आल्यानंतर सुरू होतो. गेल्या उन्हाळ्यात घेतली. तेव्हापासून बहुतेक शनिवारी ऊन चढायच्या आत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या पश्चिमेला नेमबाजीच्या एका उघड्या रेंजवर असतो. मधल्या काळात तिचे बरेच भाग बदलले, काही परत मूळचे बसवले. त्यातून एक ढोबळ नियम हाती लागला. जो भाग आपल्या अंगाला लागतो, म्हणजे बोटाला, गालाला, खांद्याला, डोळ्याला, तो खुशाल बदला. गोळी भरण्याचं आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकण्याचं काम करणाऱ्या आतल्या भागांच्या वाटेला जाऊ नका.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याने फारसा फरक पडत नाही. ५०० ते ७०० डॉलरच्या घरातल्या या रायफली बहुतांशी एकाच आराखड्यावर बनतात. यूजीन स्टोनर १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत होता, तिथली ही घडण. १९५९ मध्ये हक्क कोल्टकडे गेले, लष्कराने तीच एम-१६ म्हणून घेतली, आणि पेटंटची मुदत संपल्यावर ज्याला त्याला ती बनवायची मोकळीक मिळाली. म्हणूनच एका कंपनीचा दस्ता दुसरीच्या रायफलला बसतो. दोन पिना ढकलल्या की रायफलचे वरचा आणि खालचा असे दोन भाग सुटे होतात. कायद्याच्या लेखी 'शस्त्र' म्हणजे फक्त खालची चौकट, जिच्यावर नंबर कोरलेला असतो. बाकी सगळं, अगदी नळीसुद्धा, कुरिअरने दारात येतं. पहिल्यांदा नळीचं खोकं दारात दिसलं तेव्हा शेजारचे जोशीकाका ते उचलून आत द्यायला आले होते. त्यांना वाटलं पडद्याचा रॉड आहे.

लष्करी रायफलीपेक्षा नागरी रायफल एका बाबतीत मुळातच वेगळी : चाप एकदा ओढला की एकच गोळी. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढायचा. यात फेरफार करण्याच्या गप्पा रेंजवर कुणी काढल्याच तर तिथून उठा. तो थेट तुरुंगात नेणारा संघीय गुन्हा आहे.

इथे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण विचारतात, 'मला घेता येईल का?' ग्रीन कार्ड असेल तर येईल. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो. ग्रीन कार्डवाल्यांची इमिग्रेशनची नोंदही तेव्हाच पाहिली जाते. त्यामुळे माझ्या पुढच्या टेक्सनचं काम चहा होईपर्यंत आटोपलं आणि मला दुसऱ्या दिवशी या म्हणाले. एच-१बीवर असाल तर सर्वसाधारण नियम 'नाही' असा आहे. शिकारीच्या परवान्याचा अपवाद आहे खरा, पण व्हिसा पणाला लावण्यापूर्वी वकिलाशी बोला, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसू नका.

काडतुसांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो माझा घरचा विषय आहे. आमचं गाव भुसावळजवळचं. वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ मिलिमीटरची काडतुसं बनतात, आणि वर्गातली अर्धी पोरं फॅक्टरी क्वार्टर्समधून यायची. तेव्हा ५.५६ हा आकडा लहानपणापासून कानावर होता, त्याचा अर्थ मात्र इथे येऊन कळला. दुकानात .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो अशी दोन प्रकारची खोकी शेजारी शेजारी असतात आणि बाहेरून काडतुसं सारखीच दिसतात. नळीवर '५.५६ नाटो' कोरलेलं असेल तर दोन्ही चालतात. फक्त '.२२३' कोरलेलं असेल तर ५.५६ घालू नका, कारण दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. दुसरी गोष्ट नळीच्या आतल्या पिळाची. माझ्या नळीत गोळी ८ इंचांत एक पूर्ण फेरा घेते, त्यामुळे ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्वस्त गोळीपासून ७७ ग्रेनच्या जड गोळीपर्यंत सगळं चालतं. ९ इंचांत एक फेरा असेल तर ७७ ग्रेनची गोळी बहुतेक वेळा नीट स्थिर होत नाही आणि कागदावर आडवी भोकं पडू लागतात. हिरव्या टोकाची ६२ ग्रेनची काडतुसं स्वस्त दिसली तरी आधी रेंजला विचारा. त्यांच्या टोकात पोलाद असतं, आणि लोखंडी निशाणं असलेल्या बऱ्याच रेंजवर ती चालत नाहीत. आमच्या रेंजवर दारातच चुंबक लावून बघतात.

आता चाप. मूळचा लष्करी धर्तीचा चाप ६ ते ८ पौंडांच्या आसपास ओढ मागतो आणि ओढताना आत वाळू असल्यासारखा खरखरतो. कॉलेजात एनसीसीत .२२ ची रायफल चालवली होती. तिचा चाप याहून गुळगुळीत होता म्हटलं तर आठवणींना मुलामा चढला असेल, पण बोटाला तसं वाटलं एवढं खरं. त्याऐवजी दोन टप्प्यांचा साडेचार पौंडांचा चाप घेतला. पहिल्या टप्प्यात बोट सैल ओढ संपवतं, मग एक ठाम भिंत लागते, आणि ती कधी फुटणार याचा अंदाज येतो. १०० यार्डांवर माझ्या गोळ्यांच्या भोकांचा गट स्पष्ट आखडला. संपूर्ण रायफलमध्ये याहून समाधानाचा खर्च दुसरा नाही. स्प्रिंगा बदलून मूळचा चाप हलका करायचे स्वस्त किट मिळतात, ते मला पटत नाहीत. हलक्या स्प्रिंगेचा हातोडा लष्करी काडतुसांच्या कडक प्रायमरवर (बुडाच्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीवर) कधीकधी पुरेसा जोरात बसत नाही आणि नुसतंच 'टक' होतं.

डोळ्याची गोष्ट चष्मेवाल्यांनी नीट वाचावी. सगळे सांगतात रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन, घ्या, सोपं पडतं. मीही घेतला. आत गोल ठिपक्याऐवजी मला लाल शेपटीचा धूमकेतू दिसायचा. वस्तू खराब असेल म्हणून बदलून आणली, तर दुसऱ्यातही तेच. मग काचेतून मोबाइलने फोटो काढला आणि फोटोत ठिपका छान गोल आला, म्हणजे दोष माझ्या डोळ्यात होता. ॲस्टिग्मॅटिझम असलेल्यांना एलईडीचा ठिपका असा फाकलेला दिसतो. यावर इलाज प्रिझमच्या दुर्बिणीचा. तिच्यात खूण काचेवरच कोरलेली असते, डोळ्याच्या नंबराप्रमाणे मागची कडी फिरवून ती स्वच्छ करता येते, आणि बॅटरी संपली तरी खूण काळी का होईना, दिसते. तोटा एवढाच की डोळा ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो, म्हणून ती लावल्यावर दस्त्याची लांबी पुन्हा जुळवावी लागली. घेण्याआधी मोबाइलची ही चाचणी दुकानातच करून बघा. कुणी हसत नाही, दुकानदारालाही ती माहीत असते.

नेम ५० यार्डांवर बांधलाय. त्याच नेमाने गोळी २०० यार्डांच्या आसपास पुन्हा नजरेच्या रेषेवर येते, त्यामुळे मधल्या अंतरांत फार हिशेब करावा लागत नाही. जवळच्या निशाणावर मात्र गोळी खाली लागते. दुर्बीण नळीच्या अडीचएक इंच वर बसते, आणि ७ यार्डांवर तो फरक जवळपास सगळाच्या सगळा दिसतो.

दस्ता सरकवता येणारा आहे, सहा खाचांचा. मी पाच फूट पाच इंच, बायको त्याहून बुटकी, म्हणून हे आमच्यासाठी महत्त्वाचं. एक खाच आत-बाहेर केली की रायफल दोघांना बसते. मूळच्या दस्त्याची कड गालाला टोचायची, म्हणून रुंद गालपट्टीचा घेतला. बायको डावखुरी आहे. दोन्ही बाजूंनी चालणारा सेफ्टीचा खटका बसवल्यापासून ती पकड न सोडता रायफल बंद-चालू करते. पुंगळ्या उजवीकडे, म्हणजे तिच्या तोंडासमोरून उडतात, पण पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीमागे एक उंचवटा दिलेला असतो, त्याला आपटून त्या पुढे जातात. तिची खरी तक्रार पुंगळ्यांची नाहीच, धुराची आहे. या रायफलीत नळीतला वायू एका बारीक नळकांड्यातून थेट मागे येऊन बोल्टला, म्हणजे काडतूस नळीत सरकवून मागून बंद करणाऱ्या भागाला, ढकलतो, आणि त्यातला थोडा डावखुऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचतो. डोळ्यांच्या बचावाचा चष्मा लावल्याशिवाय रायफल हातात घेऊच नये.

नळीच्या तोंडावरचा मूळ फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाचा भडका कमी दिसावा म्हणून असलेला तुकडा) काढून, वायू बाजूला फेकून धक्का कमी करणारा मझल ब्रेक लावून पाहिला होता. धक्का कमी झाला, पण धक्का होताच कुठे? उलट आवाज दोन्ही बाजूंना असा फेकला जाऊ लागला की शेजारच्या बाकावरचे गृहस्थ आपलं सामान उचलून पार टोकाला गेले. १६ इंची नळीच्या या रायफलचा आवाज एरवीही १६० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढे एका फटक्यातही कान जाऊ शकतो. कानात इअरप्लग आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही लावा. छपराखाली तर लावाच. ब्रेक आता ड्रॉवरमध्ये आहे.

आतले भाग मी तसेच ठेवले, आणि त्याचं फळ मिळालं. जड-हलके बफर (दस्त्यातल्या स्प्रिंगेपुढचं, मागे येणारा धक्का झेलणारं वजन), निराळ्या स्प्रिंगा, बोल्टला धरून मागेपुढे सरकणारे हलके बोल्ट कॅरियर अशा वस्तूंची बाजारात रेलचेल आहे. वायूचा दाब, बफरचं वजन आणि स्प्रिंगेचा जोर यांचं गणित कारखान्यात बसवलेलं असतं. त्यातलं एक बदललं की उरलेली दोन रुसतात. माझ्याकडे जेवढ्या वेळा काडतूस अडकलं, त्यातलं बहुतेक एकाच मॅगझिनचं, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीचं, होतं. हे कळलं ते मॅगझिनांवर पांढऱ्या रंगाने १, २, ३ असे आपले मराठी आकडे घातल्यामुळे. रेंज ऑफिसरला ते अरबी वाटले, मग त्याला दहापर्यंत मोजायला शिकवलं. चार नंबरचं मॅगझिन फेकून दिलं, प्रश्न संपला.

तेलात कंजुषी नको. ही रायफल मळकी चालते, कोरडी चालत नाही. दर वेळी लख्ख घासायची गरज नाही, पण बोल्ट कॅरियर जिथे घासून चकाकतो तिथे तेल हवंच. बोल्टवरच्या वायूच्या कड्या झिजल्या का, हे बघायची सोपी युक्ती : बोल्ट बाहेर ओढून कॅरियर त्याच्या तोंडावर उभा ठेवायचा. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर कड्या बदलायच्या.

हवेचा त्रास मात्र खरा. इथल्या दमटपणात पोलादी भागांवर आठवड्याभरात तांबूस ठिपके येतात. गॅरेजमधली तिजोरी घरात आणली, खाली काँक्रीटला बोल्टने जखडली आणि आतली हवा किंचित गरम ठेवून ओल धरू न देणारी सळई लावली. दुकानातल्या 'गन सेफ' नावाच्या बऱ्याच पेट्या पातळ पत्र्याच्या असतात, साध्या पहारीपुढेही फार टिकत नाहीत. जखडलेली नसेल तर चोर ती उचलूनच नेतो. रेंजवरून आल्यावर बूट बाहेर, हात आधी गार पाण्याने आणि साबणाने, कपडे वेगळे धुवायचे. शिशाची धूळ दिसत नाही, आणि घरात रांगतं मूल असेल तर तिची काळजी आवाजाच्या आधी करावी.

मुलांचा विषय आलाच आहे तर गणपतीत हमखास होणाऱ्या प्रश्नाकडे येतो : 'अहो, कशाला हवं हे घरात?' गरज म्हणून नको, हे मी सरळ मान्य करतो. हा छंद आहे. घराच्या रक्षणासाठी मी ती उशाशी ठेवत नाही, ती तिजोरीत असते आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. २४ मे २०२२ ला याच राज्यात युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा १८ वर्षांचा होता आणि त्याने याच जातीची रायफल दुकानातून कायदेशीर विकत घेतली होती. पिस्तूल दुकानातून घ्यायला संघीय कायद्यात २१ वर्षांची अट आहे, ही मात्र १८ ला मिळते. माझ्या मते हे चूक आहे. रेंजवर असं बोललं की काही लोक तोंड फिरवतात, फिरवोत. टेक्सासमध्ये निष्काळजीपणाने ठेवलेलं भरलेलं शस्त्र १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे, पण गुन्हा आहे म्हणून कुलूप लावावं लागत असेल तर मुळात घेऊच नये.

राज्य बदलणार असाल तर आधी कायदा वाचा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, २०२३ पासून इलिनॉय आणि वॉशिंग्टन, या राज्यांत अशा रायफलींवर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनला बदली झाली तर माझी ही रायफल, आहे अशी, तिकडे जाणार नाही. नळी १६ इंचांपेक्षा आखूड करायचा मोह झाला तर १९३४ चा संघीय कायदा आडवा येतो, नोंदणीशिवाय ते करता येत नाही. भारतात नेण्याचा विचारही नको. तिकडे सामान्य परवान्यावर अर्धस्वयंचलित रायफल मिळत नाही.

आणि रेंजची बॅग प्रवासाला कधीही वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत राहिलेलं एखादं जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडलं, तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो आणि सुट्टी कोर्टकचेरीत जाते. आमच्याकडे रेंजची बॅग भडक केशरी आहे आणि ती तिजोरीशेजारच्या खुंटीवरच असते. सुटकेसच्या कपाटात तिला प्रवेश नाही.